तुटणारे केस, फाटे फुटलेली टोकं आणि पुण्याचं पाणी: सुरुवात कुठून करायची

पुण्यात शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मुलामुलींकडून थोड्याच दिवसांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "इथल्या पाण्यानं माझे केस गेले." त्यात थोडं तथ्य आहे. पण 'गेले' म्हणजे नक्की काय झालं, हे पाहिल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. केस मुळापासून गळणं आणि मध्येच तुटणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कारणं निराळी, इलाजही निराळे. गळती थांबवणारं सीरम टाळूला लावल्यानं तुटणं कमी होत नाही आणि टोकं कापल्यानं गळती थांबत नाही. हा लेख मुख्यतः तुटणाऱ्या केसांसाठी आहे.

आधी कंगव्यातले केस बघा

विंचरून झालं की कंगव्यातले आठ-दहा केस पांढऱ्या कागदावर ठेवा आणि खिडकीजवळच्या उजेडात नीट बघा. एका टोकाला बारीक पांढरट गाठ दिसली, तर तो केस मुळापासून सुटलेला आहे. असे रोज 50 ते 100 केस जाणं हा निसर्गक्रमच आहे आणि डोक्यावरून अंघोळ केली त्या दिवशी ते जास्त दिसतात. गाठ नाही, तुकडा आखूड आहे आणि दोन्ही टोकं बोथट किंवा चिरलेली आहेत, तर तो केस तुटलेला आहे.

मग आरशासमोर भांग पाडा. भांगाच्या कडेनं उभे राहिलेले आखूड केस बघून अनेकजण घाबरतात. त्यांची टोकं निमुळती असतील तर ते नव्यानं उगवणारे केस आहेत, चिंता करू नका. टोकं बोथट असतील तर तुटले आहेत. केसाच्या लांबीवर अधेमधे पांढरे ठिपके दिसले तर त्या जागी केसाचे तंतू पिंजले गेलेत आणि पुढचा तुकडा तिथूनच पडणार, असं समजा. हे ठिपके आणि लिखा यांत गल्लत होते. लिखा बहुधा टाळूजवळ आणि केसाच्या एकाच बाजूला घट्ट चिकटलेल्या असतात.

बहुतेक केस गाठीसकट निघत असतील, तर पाण्याआधी गेल्या तीन-चार महिन्यांतली आजारपणं आठवा. जोराचा ताप, डेंग्यू, बाळंतपण, ऑपरेशन, एकदम कमी केलेलं जेवण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीनं गळू लागतात. जूनमध्ये पुण्यात आलेल्या मुलीला सप्टेंबरात डेंग्यू होतो, डिसेंबरात केस गळतात आणि दोष बोअरवेलवर जातो. ही गळती बहुतेकांची सहा महिन्यांत आपोआप ओसरते. पुढचं सगळं तुटण्याबद्दल.

केस स्वतःहून भरून येत नाही

ही एक गोष्ट मनात पक्की झाली की निम्मे निर्णय सोपे होतात. टाळूच्या बाहेर आलेला केस म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचा निर्जीव धागा. त्यात रक्त नाही, पेशींची दुरुस्ती नाही. त्याच्या बाहेरच्या आवरणाला क्यूटिकल म्हणतात. छपरावर कौलं एकावर एक रचलेली असतात तसे त्याचे बारीक खवले मुळाकडून टोकाकडे रचलेले असतात. ताकद आतल्या गाभ्यात असते. घासण्यानं, उष्णतेनं, ब्लीचनं खवले उचकटले की गाभा उघडा पडतो, तंतू सुटे होतात आणि केसांना फाटे फुटतात.

केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो. म्हणजे 60 सेंटिमीटर लांब केसाचं टोक पाच वर्षांपूर्वी टाळूतून बाहेर आलेलं असतं. पाच वर्षांतलं प्रत्येक धुणं, प्रत्येक ऊन, लग्नाआधीचं प्रत्येक स्ट्रेटनिंग त्या टोकानं सोसलेलं असतं. म्हणून तुटायला सुरुवात तिथून होते.

फाटे 'जोडणारी' सीरमं ती टोकं तात्पुरती चिकटवतात. पुढच्या धुण्यात चिकटवण गेली की फाटा परत दिसतो. सीरम लावायला माझी हरकत नाही, त्यानं घर्षण कमी होतं. पण त्यानं केस बरा झाला असं मानून बाकीच्या सवयी तशाच ठेवल्या तर पैसे वाया जातात. खरं काम दोनच प्रकारचं आहे: उरलेली लांबी कमीत कमी घासायची आणि नवी येणारी लांबी मुळात बिघडू द्यायची नाही. यातलं बरंचसं फुकट आहे.

पहिला आठवडा: पाण्याची परीक्षा

पुण्यात सगळीकडे एकच पाणी नाही. महापालिकेचं नळाचं पाणी प्रामुख्यानं खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून येतं. ते सह्याद्रीतल्या पावसाचं साठवलेलं पाणी असल्यानं त्यात क्षार तुलनेनं कमी असतात. पिंपरी-चिंचवडचं मुख्य पाणी पवना धरणाचं. वाघोली, उंड्री, पिसोळी, हिंजवडी अशा झपाट्यानं वाढलेल्या भागांत मात्र अनेक सोसायट्या टँकर आणि बोअरवेलवर चालतात. बेसाल्टच्या खडकातून मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरतं, त्यालाच आपण जड पाणी म्हणतो. बऱ्याच ठिकाणी दोन्ही पाणी एकाच टाकीत मिसळतं, म्हणून सोसायटीच्या ऑफिसात सरळ विचारा.

घरी तपासायचं तर पारदर्शक बाटलीत अर्ध्यापर्यंत पाणी घ्या, साध्या अंगाच्या साबणाचा चुरा टाकून जोरात हलवा. भरपूर टिकाऊ फेस आणि खाली स्वच्छ पाणी दिसलं तर पाणी मऊ. फेस जेमतेम आणि पाणी दुधाळ, तर जड. बादलीच्या कडेला आणि नळाच्या तोंडाशी पांढरा थर बसत असेल तर हेही करायची गरज नाही. आकडा हवा असेल तर पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेकडून 'एकूण कठीणपणा' मोजून घ्या. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात तो लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानला आहे, दुसरी सोय नसेल तिथं 600 पर्यंत चालवून घेतात. स्वस्त टीडीएस मीटर सगळे विरघळलेले क्षार मोजतो, निव्वळ कठीणपणा नाही.

जड पाण्यानं केस मुळापासून गळत नाहीत. क्षारांचा थर बसून केस खरखरीत होतात, एकमेकांत अडकतात, गुंता वाढतो आणि तो सोडवताना आपण केस तोडतो. म्हणजे पाण्याचा दोष आहे, पण तुटण्याचं बरंचसं काम कंगवा करतो.

उपाय असे. डोक्याला अंगाचा साबण लावणं आजपासून बंद करा. साबण अल्कधर्मी असतो आणि जड पाण्यात त्याचा चिकट थर केसांवर बसतो. महिन्यातून दोनदा असा शाम्पू वापरा ज्याच्या घटकांत डायसोडियम किंवा टेट्रासोडियम ईडीटीए वरच्या ओळींत लिहिलेलं आहे, ते क्षार धरून काढतं. शेवटचे दोन-तीन तांबे पाणी आरओचं किंवा नळाच्या मऊ पाण्याचं घ्या. तेवढ्यानंही फरक जाणवतो. लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून त्यानं केस खंगाळले तरी चालतं, मात्र टाळूवर जखम किंवा पुरळ असेल तर नको आणि डोळे सांभाळा. शॉवरला लावायचे छोटे फिल्टर घेताना विचार करा: त्यातले बहुतेक क्लोरीन कमी करतात, कठीणपणा नाही. तो काढायला मिठानं पुन्हा चालू होणारं सॉफ्टनर यंत्र लागतं, आणि ते भाड्याच्या खोलीत परवडणारं नाही.

धुणं आणि पुसणं

ओला केस कमजोर असतो. पाण्यानं त्याच्या आतले काही बंध तात्पुरते सुटतात, तो जास्त ताणला जातो आणि पटकन तुटतो. म्हणून मोरीत उभं राहून घाईघाईनं जे करतो तिथंच जपायचं.

धुण्याआधी गुंता सोडवून घ्या. शाम्पू हातावर पाण्यात पातळ करून फक्त टाळूला लावा, बोटांच्या पेरांनी चोळा, नखांनी नाही. लांबीला वेगळा शाम्पू लागत नाही, वरून वाहणाऱ्या फेसानं ती पुरेशी स्वच्छ होते. केस डोक्यावर गोळा करून कपडे धुतल्यासारखे घोळसू नका. मग कंडिशनर. तो कानाच्या खालच्या लांबीला लावा आणि दोन-तीन मिनिटं ठेवा. खराब झालेल्या केसावर ऋण विद्युतभार जास्त असतो आणि कंडिशनरमधले धनभारित घटक नेमके तिथं जाऊन चिकटतात. म्हणून केस तुटताहेत त्या माणसानं कंडिशनर टाळणं मला अजिबात पटत नाही. 'सिलिकॉन वाईट' हे ऐकून कंडिशनरमधल्या डायमेथिकोन या सिलिकॉनला घाबरू नका. ते केसावर पातळ थर देतं आणि घर्षण कमी करतं, आपल्याला तेच हवंय. पाकिटातला एक रुपयाचा शाम्पू आणि साधा कंडिशनर या जोडीनं सुरुवात करणं, महागडा शाम्पू एकटा वापरण्यापेक्षा बरं.

जाड टॉवेलनं केस रगडू नका आणि ओल्या केसांना झटके देऊन पाणी काढू नका. जुना सुती टी-शर्ट किंवा पातळ पंचा घ्या, केस त्यात दाबून पाणी टिपा. टॉवेलचा पिळा डोक्यावर बांधून तासभर बसायची सवय सोडा.

आठवड्यातून दोन-तीनदा धुणं बहुतेकांना पुरतं. रोज धुळीतून गाडी चालवत असाल आणि टाळू तेलकट असेल तर जास्त वेळा धुवा, त्यानं केस तुटत नाहीत. तुटतात ते धुण्याच्या पद्धतीनं.

कंगवा, रबर, हेल्मेट

मोठ्या दातांचा कंगवा घ्या, तुळशीबागेत लाकडी, शिंगाचे, प्लॅस्टिकचे सगळे मिळतात. लाकडीच हवा असं काही नाही. दातांवरून बोट फिरवा, शिवण किंवा खरखरीत कड लागली तर तो ठेवून द्या. विंचरताना खालची चार बोटं लांबी आधी मोकळी करा, मग त्याच्या वरची, मग त्याच्या वरची. मुळापासून एका दमात कंगवा ओढला की सगळे गुंते खाली जमून एकच घट्ट गाठ होते. गाठीच्या वर केस मुठीत धरा म्हणजे ओढ मुळाला लागत नाही. सरळ केस असतील तर ते थोडे सुकू द्या आणि मग विंचरा. कुरळे केस मात्र कोरडे विंचरू नका, ओले असताना कंडिशनर लावून बोटांनी किंवा मोठ्या दातांनी सोडवा.

पैशाला डझन मिळणारी बारीक रबरं आणि जोडावर धातूची पट्टी असलेली रबरं टाकून द्या. कापडाचं जाड रबर किंवा क्लचर वापरा. पोनी रोज एकाच जागी बांधली की नेमका तिथंच केस तुटतो, जागा बदला. ओला केस घट्ट बांधू नका. आणि कपाळाच्या कडेचे, कानशिलाजवळचे केस विरळ होत असतील तर घट्ट वेणी-अंबाड्याची ओढ हे कारण असू शकतं. ती वेळीच थांबवली तर केस परत येतात, वर्षानुवर्षं चालू राहिली तर मूळच जातं.

आता दुचाकी. सिंहगड रोडवरून किंवा नगर रोडवरून मोकळ्या केसांनी अर्धा तास गाडीवर बसणं म्हणजे वारा, धूळ आणि गुंता एकत्र. निघण्याआधी सैल वेणी घाला आणि ती जॅकेटच्या आत टाका. तोंडाला गुंडाळायचा सुती स्कार्फ डोक्यावरून घट्ट बांधला की दिवसभर केसांवर घासतो. डोक्याला लागणारा थर सॅटिनचा किंवा रेशमी ठेवा, वरून सुती बांधा. घरात जीर्ण झालेली रेशमी साडी असेल तर तिच्या तुकड्याचा असा रुमाल होतो आणि उशीचा अभ्राही. हेल्मेट ओल्या केसांवर चढवू नका, आतलं अस्तर धूत राहा. केसांसाठी हेल्मेट काढून ठेवायचा विचार मात्र मनातही आणू नका.

कापायचं किती?

फाटा फुटलेला केस तसाच ठेवला तर चीर वर चढत जाते आणि जास्त लांबी गमवावी लागते. म्हणून फाट्याच्या बोटभर वरून कापा. एकदम हातभर कापायची हिंमत होत नसेल तर दर तीन महिन्यांनी 1 ते दीड सेंटिमीटर कापत राहा. तेवढ्यात वाढ सुमारे 3 सेंटिमीटर होते, म्हणजे लांबी वाढत राहते आणि जुना खराब भाग संपत जातो. कापल्यानं केस 'भराभर वाढतात' हे खरं नाही, वाढ टाळूखाली ठरते. पार्लरमध्ये आधीच सांगा: फक्त टोकं, धारदार कात्रीनं. रेझर आणि पातळ करायची कात्री नको. घरच्या भाजीच्या बोथट कात्रीनं केस कापला जाण्याऐवजी चेंगरतो आणि तिथंच नवा फाटा फुटतो.

उष्णता आणि रसायनं

तुळशीचं लग्न झालं की पार्लरांच्या पाट्यांवर रीबाँडिंग, स्मूदनिंग, केराटिनच्या सवलती झळकतात. केस आधीच तुटत असतील तर या सगळ्यांना निदान सहा महिने नाही म्हणा, हे माझं ठाम मत आहे. रीबाँडिंगमध्ये रसायनानं केसाच्या आतले गंधकाचे बंध तोडतात, केस सरळ करतात आणि दुसऱ्या रसायनानं बंध परत जोडतात. सगळे परत जुळत नाहीत. त्याच लांबीवर पुन्हा रीबाँडिंग किंवा वरून ब्लीच झालं की केस ओला असताना च्युइंगमसारखा ताणतो आणि तुटतो. केराटिन ट्रीटमेंटच्या नावावर अनेकदा फॉर्माल्डिहाइड सोडणारी द्रावणं वापरतात, इस्त्री फिरवताना डोळे चुरचुरतात ते त्यामुळे. ग्लायऑक्सिलिक ॲसिड असलेल्या स्ट्रेटनिंग क्रीमनंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. म्हणून बाटलीवरचे घटक वाचायला मागा. दाखवत नसतील तर उठून या.

लग्न स्वतःचंच असेल आणि स्ट्रेटनर टाळता येत नसेल तर केस पूर्ण कोरडा करा, उष्णतारोधक स्प्रे लावा, तापमान 180 अंशांच्या खाली ठेवा आणि एका बटेवरून एकदाच फिरवा. 'चर्रर्र' आवाज आला तर केसात पाणी आहे. त्या पाण्याची आतल्या आत वाफ होते, केसात बुडबुडे तयार होतात आणि तो तिथं मोडतो. हेअर ड्रायर 15 सेंटिमीटर दूर, सतत हलता आणि कमी उष्णतेवर वापरला तर तो इतका वाईट नाही.

मेंदी शुद्ध असेल तर ती केस तोडत नाही, कोरडेपणा आणू शकते. लगेच काळा रंग देणारी 'काळी मेंदी' मात्र बहुधा पीपीडी हे रसायन घातलेली असते आणि काहींना त्याची ॲलर्जी होते. म्हणून आधी कानामागे थोडी लावून दोन दिवस थांबा, खाज किंवा पुरळ आलं तर वापरू नका.

तेल, शिकेकाई, अंडं

खोबरेल तेलाबद्दल आजीचं म्हणणं बरोबर आहे. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. धुताना केसातून निघून जाणारं प्रथिन फक्त खोबरेलानं कमी झालं, कारण त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकतं. म्हणून ते धुण्याआधी लावायचं, निदान अर्धा तास, आणि मुख्य म्हणजे लांबीला. दोन चमचे पुरेत. लाकडी घाण्याचंच हवं असं नाही, साधं शुद्ध चालतं. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात ते थिजतं, तेव्हा बाटली कोमट पाण्यात ठेवा. तेल लावून गाडीवर बाहेर पडू नका, सगळी धूळ डोक्यावर बसते. कोंडा असेल तर टाळूला तेल नको, कोंड्याची बुरशी त्यावरच पोसते.

शिकेकाई-रिठा वापरायचा असेल तर मंडईच्या आसपास काष्ठौषधींच्या दुकानांत सुट्या शेंगा घ्या, रात्रभर भिजवा, उकळा आणि गाळून फक्त पाणी वापरा. पूड थेट चोळली की तिचे कण खवले खरवडतात. जड पाण्यात शिकेकाई साबणासारखा थर धरत नाही, हा तिचा मोठा गुण. तिच्यानंतरही केस कोरडे वाटले तर कंडिशनर लावा, त्यात काही बिघडत नाही.

अंडं डोक्याला लावण्याऐवजी खा. त्यातलं प्रथिन इतकं मोठं असतं की केसात शिरत नाही. खाण्याचं सांगायचं तर मेसच्या डब्यात पोळी-भाजी-भात असतो आणि वरण पाण्यासारखं. 55 किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण 45 ग्रॅम प्रथिन हवं. मटकी, हरभरा, हुलग्याची उसळ, दही, शेंगदाणे, अंडी यांतलं काहीतरी दोन्ही वेळा ताटात हवं. लोहासाठी अळीव, पालेभाजी, वर लिंबू पिळून. जेवणाला लागून अमृततुल्यचा चहा घेऊ नका, त्यानं लोह कमी शोषलं जातं, तासभर जाऊ द्या. बायोटिनच्या गोळ्या स्वतःच्या मनानं सुरू करू नका. कमतरता नसेल तर फायदा दिसत नाही, आणि मोठ्या मात्रेत त्या थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडे चुकवतात.

किती दिवस थांबायचं, कधी डॉक्टरकडे जायचं

गुंता आणि खरखरीतपणा तीन-चार आठवड्यांत कमी झालेला जाणवतो. कंगव्यातले आखूड तुकडे दोन-तीन महिन्यांत कमी होतात. लांबीत फरक दिसायला वर्ष लागतं, कारण वर्षात केस जेमतेम 12 सेंटिमीटर वाढतो. दर महिन्याच्या एक तारखेला त्याच खिडकीत, त्याच उजेडात वेणीच्या टोकाचा फोटो काढून ठेवा. रोज आरशात बघून अंदाज येत नाही.

गोल चकत्या पडल्या, टाळूला खाज, पू किंवा दुखणं असेल, भांग रुंद होत असेल, पाळी अनियमित असेल, किंवा सहा महिन्यांनंतरही गळती चालू असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. लहान मुलाच्या डोक्यावर एखाद्या जागी केस टाळूलगत तुटून काळे ठिपके दिसत असतील तर ते बुरशीचं लक्षण असू शकतं. त्यावर तेल चोळत बसू नका, पोटातून औषध लागतं. खासगी तपासणी परवडत नसेल तर ससून रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. जाताना कंगव्यातले केस कागदाच्या पुडीत, वापरत असलेल्या शाम्पू-रंगाच्या लेबलांचे फोटो आणि गेल्या वर्षभरातल्या आजारपणांची यादी बरोबर न्या. डॉक्टर बहुधा हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, बी12 आणि डी जीवनसत्त्व तपासायला सांगतील. बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी ते आवर्जून सांगा.